आधी आपलं आयतं सांग

हिराच्या भाच्याचा, सुनीलचा फोन आला तेव्हा मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीशी टाकीच्या सफाईवरून भांडत होते. "मावशी, आत्या गेली," एवढंच तो म्हणाला आणि थांबला... मग हसू आवरत होता की रडू, ते मला अजून कळलेलं नाही, पण म्हणाला, "सकाळी डॉक्टरांशी वाद घातला तिने. ते म्हणाले, आजी, बोलू नका, दम लागेल. तर म्हणते कशी, डॉक्टर, तुमाला न बोलनारा पेशंट आयता पायजे काय?" मी फोन कानाला लावून खो खो हसले. सेक्रेटरी बिचारा, त्याला वाटलं मी त्यालाच हसते आहे, आणि तो तणतणत निघून गेला. मग मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि पदर तोंडात धरून रडले. हिरा गेली यावर विश्वास बसायला मला दोन महिने लागले. आज लिहायला बसले आहे ते त्यामुळेच.

हिराची आणि माझी ओळख झाली ती एका अत्यंत मूर्ख वाक्यामुळे, आणि ते वाक्य माझं होतं. सत्तरचं दशक सरत आलं होतं. आम्ही दादरच्या दोन खोल्या सोडून वाशीला नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. स्वतःची मोरी, स्वतःचा संडास आणि वर गच्ची, म्हणजे मी स्वतःला कुठली संस्थानिक समजत होते. नोकरी बेलापूरला, एका सरकारी कचेरीत. कचेरी इतकी नवी की भिंतींना चुन्याचा वास यायचा आणि खिडकीतून एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी दिसायची. माझ्या शेजारच्या टेबलावर हिरा आली ती दाखल्यावर. नव्या शहरासाठी ज्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्यांच्या घरातल्या एकाला नोकरी, असा तो दाखला. उंच, भरभर चालणारी, अंबाड्यात पेन खोचणारी बाई. आमच्या वसाहतीच्या पाठीमागेच तिचं गाव. पहिल्या आठवड्यात, डबा खाताना, मी अगदी कौतुकाने म्हटलं, "तुमचं बरं आहे हो हिराबाई. आम्ही परीक्षा दिल्या, मुलाखती दिल्या, चपला झिजवल्या. तुम्हाला कशी आयती नोकरी मिळाली!"

आता दुसरी कोणी असती तर डबा उचलून निघून गेली असती. हिराने घास संपवला, पाणी प्यायली आणि इतकी मोठ्याने हसली की तिकडून शिपाई बघायला आला. "हाय ना," ती म्हणाली. "माजी नोकरी आयती. कबूल. आता तुजं सांग." मी म्हटलं, माझं काय सांगू? तिने विचारलं, राहतेस कुठे? मी मोठ्या ऐटीत पत्ता सांगितला. "शालेच्या मागच्या बिल्डिंगी ना? तिथं आमची खाचरं व्हती. माजा बाप तिथं भात लावायचा. तुजी मोरी आली असंल बरोब्बर आमच्या बांधावर." आणि मग चेहरा गंभीर करून, "पानी तुंबलं तं सांग मना. कुठनं काढायचं ते आमाला म्हाईत हाय." माझा घास तोंडातच राहिला. मी तिला अहोजाहो करत होते आणि ती पहिल्याच बोलण्यात एकेरीवर आली होती, हेसुद्धा मला नंतर घरी गेल्यावर लक्षात आलं. त्या संध्याकाळी मोरीत पाय धुताना मी उगाचच खाली बघत उभी राहिले.

त्या दिवसानंतर आम्ही दोघी रोज भांडायला लागलो आणि म्हणून मैत्रिणी झालो. बसमध्ये भांडायचो, टायपिंगच्या खोलीत भांडायचो. आमचे हे, म्हणजे वसंता, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत होते आणि त्यांना कॉलेजपासून वक्तृत्वाची हौस. ते म्हणाले, एवढं भांडताच तर शिस्तीत भांडा, आपण गच्चीवर रविवारची वादसभा सुरू करू. त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात बोर्डावर सूचना लावली: 'विशेषाधिकार: कोणाला आणि का?' त्यांच्या मनात होतं स्त्री-पुरुष, गरीब-श्रीमंत, काळे-गोरे असं सगळं मोठं मोठं. रविवारी गच्चीवर पस्तीस माणसं! वसंतांचा ऊर भरून आला. पाच मिनिटांत कळलं की मंडळी आली होती ती गच्चीच्या किल्लीसाठी. किल्ली सेक्रेटरीकडेच का, त्यांनाच पापड वाळत घालायचा विशेष अधिकार कोणी दिला, हा प्रश्न सोसायटीत सहा महिने धुमसत होता. तळमजल्यावरचे हसनचाचा तर पाण्याच्या तक्रारींची फाइल घेऊन आले होते. वसंता खुर्चीवर उभे राहून "मंडळी, विषय व्यापक आहे" असं ओरडत होते आणि कोणीतरी खालून विचारत होतं, "व्यापक म्हणजे डुप्लिकेट किल्ली धरून का?"

मी हिराला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. ती टाकीला टेकून पोट धरून हसत होती. शेवटी उठली. म्हणाली, "ओ भावोजी, तुमचा तो शब्द पुसा आधी. तो कोनाला कललेला नाय. सरल इचारा ना, कोनाला काय आयतं मिललं?" जो तो मनातल्या मनात मोजायला लागला. कारण 'विशेषाधिकार' हा दुसऱ्याकडे असतो, सेक्रेटरीकडे असतो, मंत्र्याकडे असतो. 'आयतं' मात्र ज्याचं त्याला पटकन आठवतं. मग तिथेच तिने नियम घालून दिला. वादात बोलायला उभं राहायचं असेल तर आधी आपलं एक आयतं सांगायचं, जे आपण कमावलेलं नाही असं. आणि मागच्या रविवारचं या रविवारी चालणार नाही. पस्तिसातली तीस माणसं किल्लीचा निर्णय होत नाही असं बघून उतरली. उरलो आम्ही मूठभर, आणि ती सभा आठ-दहा वर्षं चालली.

या नियमाने वसंतांचा पहिल्याच दिवशी बळी घेतला. ते म्हणाले, मला काहीही आयतं मिळालेलं नाही, मी स्वतःच्या हिमतीवर शिकलो. हिराने नुसतं विचारलं, "डबा कोन बांधतो?" बायका हसल्या. "हिमत बांधते काय?" वसंता खाली बसले. पुढच्या रविवारी मात्र माणूस उभा राहिला आणि घसा साफ करून म्हणाला, "मला इस्त्रीचा शर्ट आयता मिळतो." टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या भरात त्यांनी सोमवारी स्वतः इस्त्री केली आणि कंपनीच्या साहेबांसमोर करपलेली कॉलर घेऊन गेले. माझी पाळी आली तेव्हा मी बराच विचार केला. मी काय सांगितलं ते आजही आठवतं. मी म्हटलं, मला आडनाव आयतं मिळालं. ते सांगितलं की समोरचा खुर्ची पुढे करतो, घर भाड्याने द्यायला तयार होतो, माझ्या शुद्धलेखनावर विश्वास ठेवतो. मी ते कमावलेलं नाही, लग्नाआधीचंही नाही आणि नंतरचंही नाही. हिराने माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. मला शाळेत पहिला नंबर आल्यावर झाला नव्हता एवढा आनंद झाला.

पण गच्चीवरचं सगळ्यात खोल वाक्य हसनचाचांचं. ते मूळचे उरणकडचे, जन्मभर जहाजावर. न्हावा शेव्याला मोठं बंदर होणार अशी बोलणी तेव्हा सुरू झाली होती आणि ते म्हणायचे, मी सगळ्या जगाची बंदरं बघून घरी आलो, आता बंदर माझ्या घरी येतंय. त्यांनी आफ्रिकेतल्या एका बंदराची गोष्ट सांगितली. गोऱ्यांचं बाकडं वेगळं, गोऱ्यांचा नळ वेगळा, आणि हे चुकून त्या नळावर गेले तर पोलिसाने दंडुका दाखवून दुसऱ्या रांगेत उभं केलं. आम्ही सगळे हळहळलो. कोणीतरी इंग्रजांना शिव्या घातल्या. चाचांनी हात वर केला. "ठैरो, अजून आयतं सांगितला नाय मी," ते म्हणाले. "त्या रांगेच्या मागे अजून एक रांग होती. काल्या मजुरांची. त्यांचा नल अजून लांब. ती रांग बघून मला... खोटं नाय बोलनार, बरं वाटला. आपुन शेवटचे नाय म्हनून. ते बरं वाटनं मला आयतं मिलाला." मग हिराने त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "चाचा, ही रांग आमच्या गावात पन हाय." आणि तिने गावच्या विहिरीवर कोण आधी पाणी भरायचं आणि कोण लांब उभं राहायचं ते सांगितलं. तिचं घर आधी भरणाऱ्यातलं होतं. तेही तिने सांगितलं.

अशी ती होती. दुसऱ्याचं आयतं हुडकण्यात पटाईत, आणि स्वतःचं सांगायलाही मागे न हटणारी. निदान आम्हाला तसं वाटायचं. तिला एकाच गोष्टीचा अभिमान होता, आणि तो फार होता: दाखल्याची नोकरी सोडली तर बाकीचं सगळं आपण आपल्या जिवावर केलं. गावातली पहिली मॅट्रिक मुलगी ती. दोन गावं ओलांडून शाळेत चालत जायची. लग्न तिने केलं नाही, कारण बघायला आलेल्या मुलाला तिने विचारलं होतं, "तुमी काय काय रांधता?" आणि तो उठून गेला होता. ती भावाकडे राहायची. भाऊ, त्याची बायको चंद्रावहिनी आणि लहानगा सुनील. वहिनीला मी कितीदा तरी भेटले होते, म्हणजे तिने पाणी आणून दिलं होतं, चहा आणून दिला होता. तिचा आवाज कसा आहे ते मला माहीत नव्हतं.

आमचं खरं भांडण झालं ते वादविवाद स्पर्धेवरून. सगळ्या सरकारी कचेऱ्यांची मिळून मुंबईत स्पर्धा असायची आणि आमच्या कचेरीतून दरवर्षी मी जायचे. दोनदा ढालही आणली होती. त्या वर्षीचा विषय होता, 'संधी समान असती तर यश समान असते'. मला वाटलं, हा विषय हिराचा. मी साहेबांकडे गेले आणि माझं नाव मागे घेऊन तिचं दिलं. मनातून इतकी खूश होते, इतकी उदार वाटत होते स्वतःला की काय सांगू! दुपारी चहा घेताना तिला बातमी दिली. तिचा चेहरा बदलला. "मना जागा देनारी तू कोन?" मी म्हटलं, अगं, मी तुझ्यासाठी... "ती तुजीच जागा हाय म्हनूनच तुना देता येते ना? आनि मी ती घेऊन मिरवू? आयती?" ती उठली आणि तिच्या टेबलावर जाऊन बसली. दोन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. आमच्या दोन टेबलांमध्ये हातभर अंतर होतं. मी रडायचे, चिडायचे, घरी भांडी आपटायचे. एवढं चांगलं करायला गेले आणि माझंच चुकलं, हे मान्य करायला मला ते दोन आठवडे पूर्ण लागले. शेवटी साहेबांकडे जाऊन म्हटलं, दोन्ही नावं ठेवा, आम्ही कँटीनमध्ये सगळ्यांसमोर बोलतो, हात वर करून ठरू द्या. बाहेर आले तर हिरा दारातच उभी. "जीव लावून बोल हां," ती म्हणाली. "मना हरवलंस तं हरवलंस. मुद्दाम सोडलंस तं याद राख."

मी जीव लावून बोलले आणि हरले. खरं सांगते, फार लागलं. देणं सोपं होतं, हरणं नाही. साहेबांनी मोजलेले हात पुन्हा मोजले, मग जरा कुरकुरत म्हणाले, "मुद्दे छान आहेत, पण हिराबाई, मुंबईत बोलायचं, उच्चारांचं काय?" हिरा म्हणाली, "सायेब, मी काय बोलले ते कललं काय?" ते म्हणाले, कळलं. "मंग उच्चार बरोबर हाय." तरीही संध्याकाळी बसस्टॉपवर माझ्या जवळ येऊन तिने हळूच विचारलं, "तो तुजा ण शिकव गो." मी आठवडाभर तिच्याकडून बाण, पाणी, दाणे घोटून घेतलं. तिला उत्तम जमला. शेवटच्या दिवशी म्हणाली, "आला मना. आता वापरायचा का नाय ते मी ठरवीन." मला तेव्हा वाटलं, ती मला चिडवते आहे.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही वाशीच्या पुलावरून बसने मुंबईला गेलो. हिराने नवी हिरवी साडी नेसली होती आणि अंबाड्यात अबोली. पण पेन होतंच. हॉलच्या मागच्या बाकावर बसून तिने डबा उघडला, कारण घाबरली की तिला भूक लागायची. तांदळाची भाकरी, वालाची उसळ, एका पुडीत लोणचं, आणि लोणच्याच्या पुडीला आणखी एक कागद, साडीला डाग पडू नये म्हणून. हिरा त्या दुहेरी कागदाकडे बघत राहिली. मी म्हटलं, जेव ना, नंबर येईल. तिने दोनच घास खाल्ले. मग तिचं नाव पुकारलं. तिचं भाषण मला तोंडपाठ होतं. जमिनीवरून सुरुवात, मग शाळा, मग भाषा, मग शेवटी ढाल नक्की आणणारं एक वाक्य. ती माइकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्यात नियम हाय. बोलायच्या आदी आपलं आयतं सांगायचं..." आणि थांबली. इतकी थांबली की परीक्षकांनी मान वर केली.

मग ती जे बोलली ते कुठल्याच कागदावर नव्हतं. "मी अकरा वर्सांची व्हते तवा माजी वयनी आमच्या घरात आली. ती पंदरा वर्सांची. ती आली म्हनून माजं पानी भरनं सुटलं, भाकर थापनं सुटलं, आनि मी शालंत गेले. दाखला घरात एकच व्हता. मी शिकलेली म्हनून मना मिलला. मी शिकलेली कशामुलं? आज पाटं उटून तिनं डबा बांदला. मी पाच वर्सं दर रविवारी लोकांना इचारते, तुमचा डबा कोन बांदतो. माजा कोन बांदतो ते मना कोनी इचारलं नाय. मी पन मना नाय इचारलं." वेळेची घंटा वाजली. विषयाबद्दल तिने एक अक्षर काढलं नव्हतं. ती खाली उतरली, आणि हॉलमध्ये आधी एक बाई, मग चार, मग मागच्या सगळ्या रांगा टाळ्या वाजवायला लागल्या. बक्षीस अर्थातच मिळालं नाही. परीक्षकांच्या शेऱ्यात लिहिलं होतं, 'विषयांतर. उच्चार सदोष.' परतीच्या बसमध्ये पूल येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. माझ्या मनात होतं, आता हिचा अभिमान मोडला, ही आता गच्चीवर येणार नाही. पुलावर खारा वारा आत आला तशी तिने तो शेऱ्याचा कागद पुन्हा उघडला. "नलू, सदोष मंजे काय गो?" मी सांगितलं. "आनि विषयांतर?" तेही सांगितलं. "मंग दोनी बरोबर हाय," म्हणाली आणि हसायला लागली. ती हसली म्हणून मी हसले. कंडक्टरने दोनदा मागे वळून पाहिलं.

पुढच्या रविवारी गच्चीवर वसंता सतरंजी घालत होते तेवढ्यात जिन्यात बांगड्या वाजल्या आणि चंद्रावहिनी वर आली. पाठीमागे हिरा. हिराच्या हाताला दोन ठिकाणी हळद लावलेली, भाजलं होतं. तिने जाहीर केलं की आजपासून रविवारचा सगळा स्वयंपाक तिचा, सकाळचा आणि संध्याकाळचा, आणि वहिनी सभेला येणार. भावाने घरी तोंड वाकडं केलं होतं म्हणे, तर हिराने त्याला लसूण सोलायला बसवून ठेवलं होतं. वहिनी टाकीच्या सावलीत अंग चोरून बसली. पाळी फिरत फिरत तिच्यापर्यंत आली तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, राहू दे, राहू दे, पहिलाच दिवस आहे. पण ती उठली. पदर सारखा केला. "आज जेवान आयतं मिललं," ती म्हणाली. जरा विचार केला. "भात करपला व्हता. डालीत मीठ नवतं. पन आयतं व्हतं." आणि तोंडावर पदर घेऊन जी हसली! हसनचाचांनी उभं राहून सलाम केला. हिरा जोरजोरात टाळ्या वाजवत होती, आणि हात भाजलेला असल्यामुळे मध्येच "आई गं" म्हणत होती. आमच्या त्या सभेतला तो सगळ्यात आनंदाचा दिवस होता असं मी आजही म्हणेन.

नंतर पुष्कळ काही झालं. बंदर आलं, आगगाडी आली, खाडीकाठची खाचरं दिसेनाशी झाली. हसनचाचा गेले, वसंता गेले, गच्चीला कुलूप लागलं आणि किल्ली पुन्हा सेक्रेटरीकडे गेली. हिरा बढत्या घेत अधीक्षक होऊन निवृत्त झाली. वहिनी साठीच्या आसपास अक्षरं शिकली आणि वर्तमानपत्रातले मथळे मोठ्याने वाचून सरकारशी वाद घालू लागली. भाऊ गेल्यावर घरात दोघी बायकाच उरल्या. सुनीलचं कळंबोलीला ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे, तो तिकडे राहतो. या सगळ्यात एक गोष्ट बदलली नाही, ती म्हणजे हिराचा रविवार. आजारपणातसुद्धा शेगडीसमोर खुर्ची टाकून ती बसायची. मी रविवारी गेले की मलाही ते जेवण मिळायचं. चाळीस वर्षांत तिला स्वयंपाक आला नाही. वहिनी मात्र पानावर जे येईल ते जेवायची आणि एक शब्द बोलायची नाही.

परवाच्या रविवारी मी गेले. हिराचं दिवसकार्य होऊन बरेच आठवडे झाले होते. अकरा वाजून गेले होते. चंद्रावहिनी घराबाहेरच्या ओट्यावर बसली होती, केस विंचरलेले, स्वच्छ पातळ, हात मांडीवर. सुनील कळंबोलीहून नुकताच आला होता आणि दारात अवघडून उभा होता. स्वयंपाकघरात शेगडी थंड. मला वाटलं, बरं नाही का हिला? "वहिनी, काही खाल्लं का?" मी विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते, पण असे की माझ्याने बघवेना. "आज रविवार ना गो," ती म्हणाली. "माजा वार नाय."

बाकीच्या सहा दिवशी ती रांधत होती, जेवत होती. सुनीलने मला नंतर सांगितलं, हिरा गेल्यापासूनच्या दर रविवारी ती अशी ओट्यावर येऊन बसते. सून डबा पाठवते तो संध्याकाळी उघडते. मला एकदम हिराची आठवण आली... आपण गेल्यावर वहिनीचा रविवार कोण सांभाळणार, हा विचार तिने केला असेल का? केला असेल, आणि तिला उत्तर मिळालं नसेल. मी सुनीलला आत ढकललं. पन्नाशी उलटलेला माणूस, दारात चार ट्रक उभे असतात त्याच्या, आणि त्याला आपल्या आईच्या घरात तांदूळ कुठे ठेवतात ते माहीत नव्हतं. त्याने एकेक डबा उघडून बघितला. तांदूळ सापडले, धुतले, शेगडी पेटली. मी पाटावर बसून राहिले. मग त्याने डाळीचा डबा काढला आणि सवयीने हाक मारली, "आई, डाळ किती घेऊ गं?"

ओट्यावरून, मान न वळवता, वहिनी म्हणाली, "मना नको इचारू. आत्या कदी इचारत नवती."

सुनीलने माझ्याकडे बघितलं. मी तोंड खिडकीकडे फिरवलं. थोड्या वेळाने पातेल्यात डाळ पडल्याचा आवाज आला.